तांदळे सरांचा अर्धा धडा

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक झाडाला रोज सकाळी एक चिमटा बसतो. चिमटा काढणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी तांदळे सर. केजच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात मफलर, पायात कॅनव्हासचे बूट आणि उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाचं हाताला लागेल ते पान, देशमुखांच्या जास्वंदीचं एक पान, मग आमचा कढीपत्ता. पान तोडायचं नाही, नुसती नखाची खूण करायची आणि पुढं चालू लागायचं. कुणी हटकलंच तर म्हणायचं, "काही न्हाई. जागं करून आलो."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडं पोराला साधं रागावलं तरी संध्याकाळी पालक दारात उभे असतात. झाडांना पालक नाहीत म्हणून तुमचं चाललंय, असं मी सरांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी ते एखाद्या शंकेसारखं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या तुळशीला चिमटा काढला.

तुळशीवरून मात्र मी भांडले. आमचे हे अशा वेळी पेपर उघडून बसतात, तसे बसले.

"मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "तुळस देव हाय, मान्य. पण देवालाबी बुरशी लागती."

आता सरांचं शास्त्र सांगितलंच पाहिजे, कारण त्यांच्याशी कोणतंही बोलणं शेवटी तिथंच जाऊन थांबतं. जनावराच्या अंगावर कुणी आलं तर ते पळतं. माणूस दवाखान्यात जातो. झाडाला पळता येत नाही आणि दवाखान्यात त्याचा नंबर लागत नाही. आपल्या रक्तात शत्रूच्या मागं फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यासुद्धा त्याच्याकडं नाहीत. मग ते करतं काय? तर ते चिमुकली प्रथिनं तयार करतं. बियांत, पानांत, फुलांत, जिथं लागतील तिथं. ही प्रथिनं बुरशीच्या अंगाला चिकटतात, तिच्या कातडीला भोकं पाडतात, आतलं बाहेर येतं आणि बुरशी मरते. त्यांच्यातली काही किड्याच्या पोटात जाऊन त्याचं पचन बिघडवतात. पुस्तकात त्यांना डिफेन्सिन म्हणतात. सर म्हणतात 'बारके'.

"बारकं हाय, पण लई खट हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दोरीला जागोजागी गाठी मारल्यावर कशी घट्ट बसती, तशी त्याला गंधकाच्या गाठी असत्यात. उकळा, आंबट घाला, उलगडत न्हाई गडी."

पानाला जखम झाली की झाडाला कळतं, कुणीतरी आलं. मग ते बारके करायला घेतं. मोठा शत्रू येण्याआधी लहान शत्रू म्हणून सर स्वतःच हजर होतात, असा त्या चिमट्याचा अर्थ. यात किती तथ्य आहे मला सांगता येणार नाही. आमच्या कढीपत्त्यावर आजवर रोग पडलेला नाही हे खरं. पण समोरच्यांच्या कढीपत्त्यावरही पडलेला नाही, आणि त्यांनी कुत्रा पाळल्यापासून सर तिकडं फिरकलेले नाहीत.

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या तेव्हा या शास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्या स्वयंपाकघरात होती. सर भाताच्या पेजेवर बुरशी वाढवायचे आणि तिच्यात मुळ्याचं बी ठेवायचे. बी फुटलं की त्याच्या सालीतून बारके बाहेर पडतात आणि बीभोवती एक स्वच्छ रिंगण उरतं. बुरशी त्या रिंगणात शिरत नाही. हे रिंगण बघून सरांना जो आनंद व्हायचा, तो मी त्यांना दिवाळीतही झालेला पाहिला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी अर्चना, तिला बघायला आष्टीकडची मंडळी आली होती. सरांनी पोह्यांच्या बश्यांशेजारी ती ताटली मांडली आणि सगळ्यांना भिंग फिरवलं. मुलाच्या मामानं पोहे अर्धेच ठेवले.

ते स्थळ परत गेलं. पुढं अर्चनानं नगरच्या एका मुलाशी आपलं आपणच जमवलं. त्याला घरी आणायच्या आधी तिनं ताटलीचा फोटो दाखवून ठेवला होता म्हणे. पोरगी हुशार.

सर हे शास्त्र झाडांपुरतं ठेवते तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण त्यांचा ठाम समज, की माणसाचंही असंच असतं. "लाड केले की बारके बनत न्हाईत," असं म्हणून त्यांनी सगळी नोकरी कुणाला शाब्बास न म्हणता काढली. पोरं मागं त्यांना चिमटे सर म्हणायची. अर्चना वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आली, ढाल घेऊन पळत घरी आली, तर सरांनी ढाल उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "पहिलं कोण आलं?" अर्चना पुढं त्यांच्याच वर्गात शिकली. तिथंही तिला शाब्बास मिळाली नाही, आणि मिळणार नाही हे तिला पाठ होतं.

वहिनी अचानक गेल्या. त्या दिवशी अर्चना आईच्या पायाशी बसून मोठमोठ्यानं रडत होती. सर तिच्याजवळ गेले. आम्हां बायकांना वाटलं, आता हे तिला जवळ घेतील. ते म्हणाले, "रडू नको. घट्ट हो." पोरगी तिथल्या तिथं गप्प झाली. ती गप्प होणं काही बरं नव्हतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला कळलं. सरांना वाटलं, आपल्या सांगण्याचा उपयोग झाला.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं दिवाळी आणि संक्रांत. पाऊस कसा हाय, बरा हाय, जावई कसे हायत, बरे हायत. फोन ठेवल्यावर सर तो खिशात घालायच्या आधी थोडा वेळ हातात धरून बसायचे. मी हे भिंतीवरून पाहिलेलं आहे. आमची भिंत बुटकी आहे, त्यात माझा काही दोष नाही.

या वर्षी अर्चनाला दिवस राहिले. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून राहिले, म्हणून सगळ्यांना फार आनंद. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातवा लागला की माहेरचं माणूस जाऊन लेकीला घेऊन येतं. लेक आपण होऊन बॅग उचलून येत नाही. तसं आली तर तिला कुणी बोलावलंच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि तो अर्थ सासरच्या गल्लीला बरोबर कळतो. सातवा लागला. सर सकाळी चिमटे काढत होते.

एका दुपारी अर्चनाचा मला फोन आला. "काकू, आप्पा काही म्हणले का?"

"कशाबद्दल गं?" मी उगाच विचारलं.

"सासूबाई रोज इचारत्यात, तुमच्याकडून कोण येणार न्यायला. मला बाळंतपण नगरलाबी होतंय काकू. दवाखाना समोरच हाय. पण कुणीतरी ये म्हणायला पाहिजे ना." एवढं बोलून ती थांबली आणि मग उगाच मला आमच्या मांजराची चौकशी करायला लागली. आमचं मांजर जाऊन वर्ष झालं होतं. मी बरं आहे म्हणून सांगितलं.

मी तशीच उठून सरांकडं गेले. ते ओसरीवर चष्मा पुसत होते.

"सर, अर्चनाला आणायला कधी जाताय?"

"ती खंबीर हाय, मॅडम."

"खंबीर बाईला पोर आपोआप होतं का?"

त्यांनी चष्मा घातला, काढला, परत पुसला. "हितं काय हाय तिच्यासाठी? आई न्हाई. एक म्हातारा आन् एक कुकर. त्या दिवशी माझ्यावर रुसून गेलती, मला काय कळत न्हाई व्हय? तिला यायचं असंल तर ती म्हणंल."

म्हणजे ती म्हणायची वाट बघणार हे, आणि हे म्हणायची वाट बघणार ती. मधे मी आणि माझा मोबाइल. मला इतका संताप आला की मी घरी येऊन कारण नसताना दळण काढलं.

यानंतर आठवडाभरात सरांवर संकट कोसळलं. सकाळी सकाळी ते आमच्या दारात उभे, मफलर नाही, चेहरा उतरलेला. मला वाटलं, नगरहून काही वाईट बातमी आली.

"मॅडम, घोळ झाला. सारी नोकरी अर्धंच शिकवलं मी."

झालं होतं असं, की सरांनी फोनवर काहीतरी नवं वाचलं होतं. बारके म्हणजे नुसते शिपाई, मारामारी हेच त्यांचं काम, असं ते आजवर सांगत आले. आता त्यांना कळलं, की काही फुलांत याच घराण्यातले बारके वेगळीच नोकरी करतात. परागकण फुलावर पडला की त्यातून एक बारीक नळी फुटते आणि बीजांडाकडं निघते. पण तिला वाट माहीत नसते. तेव्हा बीजांडातल्या, अंड्याशेजारच्या पेशी हे बारके बाहेर सोडतात, आणि त्यांच्या मागावर नळी बरोबर आत पोचते. तेच घराणं, तशाच गाठी. एक भाऊ दारात काठी घेऊन उभा आणि दुसरा आत बसून हाका मारतोय.

"आन् मी पोरांना एकच भाऊ सांगितला," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

मी म्हटलं, "सर, हे अभ्यासक्रमात होतं का?"

"न्हाई. पण मी सांगितलं व्हतं ना."

दुसऱ्या दिवसापासून सर दुरुस्तीला निघाले. केजमध्ये त्यांचे विद्यार्थी पावलोपावली आहेत. तहसीलमध्ये आहेत, आडतीवर आहेत, जीपच्या स्टँडवर तर रांगेनं आहेत. सर एकेकाला गाठून सांगू लागले, की तुला शिकवलेलं अर्धंच होतं, उरलेलं ऐकून घे. मी भाजी घ्यायला गेले होते तेव्हा त्यांनी पंक्चरवाल्या दत्ताला पकडलेलं होतं. दत्ता ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"काय बे दत्त्या, बारके आठवत्यात का?"

"सर, मला पयलं अर्धंबी आठवत न्हाई. जाऊ द्या की."

"जाऊ कसं द्यायचं? तुझ्या डोक्यात चुकीचं ऱ्हाईल."

"माझ्या डोक्यात काहीच न्हाई सर, आईशप्पथ," दत्ता कळवळून म्हणाला. पण सर हटले नाहीत. त्यांनी ट्यूब त्याच्या हातातून घेतली आणि तिलाच परागनलिका करून धडा पुरा केला. मागं एक ट्रॅक्टरवाला खोळंबला होता, त्यानंही सगळं ऐकलं. शेवटी दत्तानं विचारलं, "म्हंजे सर, हाक न्हाई मारली तर नळी येतच न्हाई का?"

"येती. पण भरकटती," सर म्हणाले, आणि तिथून निघाले. बरोबरची पिशवी तिथंच विसरली. ती पिशवी पोचवायला म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. खरं तर पिशवी हे निमित्त होतं. अर्चनाचा विषय आज काढायचाच आणि दोन गोष्टी सुनवायच्याच, असं मी वाटेनं घोकत गेले होते.

दार उघडं होतं. सर मागच्या खोलीत होते, म्हणून मी तिकडं गेले आणि उंबऱ्यातच थांबले. ही खोली वहिनींच्या पश्चात बंद असायची. तिला नवा चुना दिलेला होता. बाज नव्यानं विणलेली होती, गाठी सरांच्या होत्या, त्या सुटण्याची शक्यता नव्हती. फळीवर डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा, सगळं स्वच्छ बरण्यांत भरलेलं. आढ्याच्या कडीला तेल दिलेलं होतं. पाळणा नव्हता. बाळ व्हायच्या आधी पाळणा टांगू नये एवढं त्यांना ठाऊक होतं. आणि बाजेवर दुपट्यांचा गठ्ठा. वहिनींच्या जुन्या मऊ सुती साड्या मी लांबूनही ओळखते. त्या फाडून, धुऊन, कडा दुमडून सर स्वतः शिवत बसले होते. सुई कॉलेजातली, पोरं बेडूक फाडायची त्या पेटीतली. टाके शेतातल्या नांगराच्या तासासारखे लांब लांब.

सुनवायला आणलेल्या दोन्ही गोष्टी मी विसरले. सगळं तयार होतं. फक्त जिच्यासाठी तयार होतं, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"हे कुणासाठी, सर?"

"असंच. घरात असावं," ते सुईकडं बघत म्हणाले.

मी बाजेच्या कडेवर बसले. म्हटलं, "तो धडा सगळ्या विद्यार्थ्यांना सांगून झाला का?"

"झाला बहुतेक."

"अर्चनापण तुमच्याच वर्गात होती."

सरांचा हात थांबला. शिक्षक माणूस, विद्यार्थिनी धड्यावाचून राहिली म्हटल्यावर त्यांना दुसरा मार्ग नव्हता. मी माझ्या फोनवरून अर्चनाला लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन दुपट्यांवर ठेवला.

"हां काकू," अर्चनाचा आवाज आला.

"मी बोलतोय," सर म्हणाले. "तुला बारावीला बारके शिकवले व्हते. ते अर्धंच व्हतं. उरलेलं सांगतो, ऐक."

सर उभे राहिले. बसून शिकवायची त्यांना सवय नाही. त्यांनी भिंतीकडं तोंड करून, जिथं फळा नव्हता तिथं बोट फिरवत, सगळं सांगितलं. पराग कसा पडतो, नळी कशी निघते, आतून बारके कसे सोडले जातात. प्रत्येक जातीचे वेगळे, परक्याच्या हाकेला नळी बहुधा वळत नाही, आपलीच हाक ओळखते, हेही सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ पाठ पाहिले, तपासणी अधिकाऱ्यासमोर घेतलेलेही पाहिले. इतका मन लावून घेतलेला पाठ पाहिला नाही. बोलता बोलता त्यांचं बोट भिंतीवर एकाच जागी फिरायला लागलं.

"...तर मुद्दा असा, की मारणारे बारके मला ठावं व्हते. बोलावणारे ठावं नव्हते. हे माझं चुकलं," असं म्हणून सर थांबले.

"आप्पा," अर्चना म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "हे मला का म्हून सांगायलात तुमी?"

सरांना आजवर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आलं नाही असं झालेलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम बरण्यांकडं बघत राहिले, कारण हे उत्तर मी सांगून चालणार नव्हतं.

"ये," सर म्हणाले. "घरी ये तू. मी येतो न्यायला."

पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. आईच्या दिवशी राहिलेलं रडणं असावं ते. सर ते ऐकत उभे राहिले. गप्प हो म्हणाले नाहीत.

"आप्पा, हितं सगळी हायत. तुमी एकले. तुमाला जमंल का माझं बाळंतपण?"

"न्हाई जमायचं," सर म्हणाले. "तरीबी ये."

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं पदरानं तोंड पुसलं. मला शेजाऱ्यांसमोर रडायला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे हे सरांना सोडायला स्टँडवर गेले, मीही गेले. येताना सर नगरहून स्वतंत्र गाडी करणार होते, जाताना मात्र एसटीच. अंगात इस्त्रीचा सदरा होता. बरोबर सामान काही नाही, फक्त एक उशी, नवा अभ्रा घातलेली. खड्ड्याला पोरीच्या कमरेला लागू नये म्हणून. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, उशी वर फळीवर टाका की." सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मळंल."

गाडी हलली. आम्ही हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. खिडकीशी बसून त्यांनी ती उशी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.